पाडव्याचं पान

९ फेब्रुवारी १९५८

महिपतीबुवांनी दिलेली लाल बांधणीची मोठी वही सगळ्यांची आहे. ही माझी. वडिलांनी लग्नात दिलेली, पहिल्या दोन पानांवर उखाणे लिहिलेली. ती पानं फाडली तर शिवण सुटेल म्हणून राहू दिली. मोठ्या वहीत जे लिहायची सोय नाही ते इथे लिहीन. कुणी वाचेल अशी भीती नाही. आमच्या अकरा घरांत वाचता येणारी मी एकटी. बुवांनाही येत नाही.

तेवढ्यापुरता मला मान आहे. नाहीतर नवी सून, तीही पेणच्या रामवाडीत वाढलेली, तिला कोण विचारतो! वडील शाळेत शिपाई होते म्हणून मी सातवीपर्यंत शिकले. मग मला डोंगरातल्या वाडीत दिलं, आणि वाडीने मला इथे चिखलात आणलं.

दिवाळीनंतर आम्ही गागोद्याच्या वरच्या अंगाने निघालो. दोन गाड्या, बाकी सगळं डोक्यावर. पिढ्यान् पिढ्या ही माणसं दुसऱ्याची शेतं कसत आली. बुवांना तीन वर्षांपूर्वी चैत्री पौर्णिमेला दृष्टान्त झाला की पाण्याच्या कडेला तुमची जमीन तुमची वाट बघतेय. अर्ज केले, खेटे घातले, आणि सरकारने कासूच्या पश्चिमेला खाडीकाठचं हे खाजण दिलं. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. बांध घालून खाडी बाहेर ठेवायची, पावसाने मीठ धुऊन काढायचं, मग कधीतरी भात. येत्या पावसाआधी बांध पुरा झाला नाही तर जमीन परत, असा कचेरीचा कागद आहे. तो मीच वाचून दाखवला. वाडीतली आमची खोपटं मालकाने आम्ही निघालो त्याच आठवड्यात पाडली, तेव्हा मागे जायलाही जागा नाही.

बुवांचे नियम मोजके. दारू नाही, भगत नाही, धान्याचं कोठार सामाईक, आणि प्रत्येकाची हकीकत वहीत. "जेची हकीकत नाय तो आलाच नव्हता, असं उद्या म्हनतील," असं ते सांगतात. दर एकादशीला मी वही वाचते आणि सगळे ऐकतात. बहुतेकांच्या हकीकती झाल्या. आमच्या ह्यांची मात्र सुरूसुद्धा नाही. वर नाव लिहावं लागतं ना! नवऱ्याचं नाव बाई घेते ती उखाण्यात, एकदा, तेही मान खाली घालून. शेजारची हौसा दर एकादशीला ओरडते, "घे गो नाव!" आणि बायका पदरात हसतात. शिवाय खरं सांगायचं तर ह्यांना विचारून लिहिणार काय? दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस.

१४ फेब्रुवारी

पुंडलिककाकांची हकीकत तिसऱ्यांदा लिहायला बसले. साठी उलटली तरी बांधावर तरुणांच्या बरोबरीने माती टाकतात आणि तोंडही तितकंच चालतं. जन्म सांगताना आजोबांच्या म्हशीवर जातात. आज लग्नापर्यंत आलो. वरातीतला डावा बैल उधळला आणि गाडी, नवरा, करवल्या सगळं सोडून रानात गेला, इथवर सांगून झालं आणि काकूंनी, सीताबाईंनी, जेवायला हाक मारली.

"मग बैल सापडला का, काका?"

"ऱ्हाऊं दे गो, सगली एकदम सांगली तर तू माझ्याकडं येशील कशाला?" म्हणाले आणि हात धुवायला गेले.

२ मार्च

गोडं पाणी पलीकडच्या आगराच्या विहिरीवरून आणावं लागतं. आगर म्हणजे मिठागर, तिथली माणसं जन्मापासून खाडीत. ताडी पितात, खाडीला कोंबडा देतात, म्हणून बुवांनी सांगितलंय की पाण्यापुरतं जायचं, गप्पा मारत बसायचं नाही. आज विहिरीवर बायजा भेटली. गुणाजी आगऱ्याची मुलगी, माझ्याच वयाची, चांगली उंच. माझा हंडा तिने एका हाताने उचलून दिला आणि म्हणाली, "तुजा घरवाला लय हुशार हाय गो. बापूस म्हनतो, याला खाडी कलली."

मी हंडा घेऊन सरळ वाट धरली. माझा घरवाला हुशार आहे हे हिला कसं ठाऊक?

५ मार्च

आता ठाऊक झालं. हौसा म्हणाली, "सांजचा आगराकडं जातो तुजा. ताडीला नायतर कशाला जाईल?" मी तिला म्हटलं, तुझ्या जिभेला हाड नाही. पण खरंच, काम सुटल्यावर हे रोज तासभर नसतात आणि येतात ते गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून. चालताना तोल जात असणार. वास काही येत नाही, पण मला सर्दी आहे.

११ मार्च

छपराच्या कुडात एक काठी सापडली. पुरुषभर उंचीची, सालं काढलेली, आणि तिच्यावर खाचा. एक दोन नाही, तीसेक तरी. काही खाली, काही पार वर, मध्ये काही एकमेकींना चिकटून. दोन-तीन खाचांना चिंधी बांधलेली. पिणाऱ्याचा हिशेब असाच असणार, हात ठिकाणावर असेल तर खाचा एका ओळीत येतील. मी काठी होती तशी ठेवली. विचारलं नाही. विचारायचं कशाला, उत्तर तर "हं" एवढंच येणार. चार दिवस अबोला धरलाय. त्यांना तो कळलेला दिसत नाही.

२१ मार्च, पाडवा

आज फार मोठा दिवस. बांध दोन्ही बाजूंनी येऊन भिडत आला, मध्ये वीस हातांचं एक तोंड तेवढं उरलंय. इथले लोक त्याला खांड म्हणतात. सगळी भरती त्यातूनच आत येते आणि जाते. ती खांड बुजली की जमीन आपली.

पहाटे बुवा एकटेच खांडीवर गेले. ओहोटी इतकी लांब गेली होती की खांडीत पाण्याचा थेंब नव्हता. पायाला पाणी न लागता ते या टोकावरून त्या टोकाला गेले. परत आले तेव्हा चेहरा वेगळाच होता. गुढी उभारल्यावर सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, "चैती पुनवेला खांड बुजवू. त्याच दिवशी मला सांगणं झालंवतं. तवाबी खाडी अशीच वाट देईल."

मी पुढे वही घेऊन बसले होते. माझ्या हातभर अंतरावर हे उठले. चारचौघांत हे कधी उठलेले मी पाहिले नाहीत. "बुवा," म्हणाले, "पुनवेला..." आणि अडकले. हौसा तिकडून डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता आगर आणि ताडी सगळं बाहेर येणार, सणाच्या दिवशी, अकरा घरांपुढे. मी खाली मान घालूनच हळू म्हटलं, "खाली बसा. लाज आणू नका."

ते बसले. बुवांनी विचारलं, "काय रं?" हे म्हणाले, "काय नाय."

मोठ्या वहीत लिहिलं: पौर्णिमेचा मुहूर्त ठरला. सर्वांनी होकार दिला. कोणाची हरकत नव्हती. अक्षर छान आलंय.

दुपारी पोळ्यांच्या गडबडीत भरती नेहमीपेक्षा वर चढली आणि बांधाजवळ वाळत घातलेलं माझं सगळं सरपण घेऊन गेली. सणाचा एवढाच विरस.

५ एप्रिल

काल लिहवलं नाही. आज लिहिते.

पहाटे खांड कोरडी होती, बुवा म्हणाले तशीच. उजाडायच्या आत सगळी अकरा घरं चिखलात. मेढी ठोकल्या, पेंढा दाबला, ढेकळांवर ढेकळं. नऊच्या सुमाराला तोंड बुजलं. मी स्वतः शेवटच्या पाट्यांमधली एक टाकली. पुंडलिककाका नव्या मातीवर उभे राहून नाचले. सीताबाई म्हणाल्या, "आवो, लग्नात एवढं नाचला नव्हतात." बुवा रडत होते.

मग पाणी आलं. आत कोरडं खाजण आणि बाहेर खाडी चढतेय, असं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. बाराच्या आसपास ते बांधाच्या माथ्याला आलं आणि आतल्या बाजूला पायथ्याशी बारीक गुळगुळ आवाज झाला. मनगटाएवढं भोक. पुंडलिककाका पेंढ्याची पेंडी घेऊन खाली उतरले आणि पायाने दाबायला लागले. हे ओरडले, "काका, वर या! वर या!" एवढ्या मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. काकांनी वर पाहिलं. तेवढ्यात भोक राहिलंच नाही, सगळी खांडच उघडली.

हे मागोमाग उडी घेत होते, चौघांनी धरून ठेवले.

७ एप्रिल

काका आज सापडले. आगराच्या बाजूला, तिवरांच्या झाडीत. गुणाजी आणि त्याची माणसं होडीतून घेऊन आली. बायजाने आपलं धुवट लुगडं त्यांच्यावर घातलं होतं.

सगळं उरकल्यावर गुणाजी बुवांपुढे उकिडवा बसला. रागावलेला नव्हता, त्याला खरंच नवल वाटत होतं. "पुनवेला कोन खांड बुजवतो काय? वोहोटी जेवढी लांब जाते तेवढीच भरती उंच येते. आष्टमीला पानी मरतं, त्याला भांग म्हनतात, तवा खांड बुजवायची. तुमच्या रघूला मी दीड महिना शिकवलं. रोज काठी रोवून पानी मापायचा. त्यानं सांगलं नाय तुम्हाला?"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे मातीकडे बघत होते. आणि मी वही छातीशी धरून उभी होते.

८ एप्रिल

काठी काढून पुढ्यात ठेवली. वरच्या खाचा अमावास्या-पौर्णिमेच्या. चिकटलेल्या खाचा अष्टमीच्या आसपासच्या. चिंध्या तिथी लक्षात राहाव्यात म्हणून. लिहिता येत नाही तर माणूस आणखी काय करणार?

मी विचारलं, "तुम्ही परत का नाही उठलात?"

"तू बस म्हनलीस."

"मी म्हटलं म्हणून?"

"तू शिकलेली. मला वाटलं, तुला कायतरी म्हायत आसंल."

त्यांनी एवढंच सांगितलं आणि घमेलं घेऊन बांधावर गेले. शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते, भांडण मला येतं. मी चुलीपाशी बसून राहिले. भात करपला. मी वाईट आहे असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

मोठ्या वहीत कालच लिहून टाकलंय: ईश्वरेच्छेने पुंडलिक यांना जलसमाधी मिळाली.

१५ एप्रिल

दोन घरं गेली. एक रोह्याला नातेवाइकांकडे, एक कुठे ते सांगितलं नाही. हौसाचंही गाठोडं बांधलेलं आहे, पण तिच्या नवऱ्याचा पाय निघत नाही. बुवा सात दिवस बोलले नाहीत. लोक दबक्या आवाजात म्हणतात, दृष्टान्त खरा होता की नव्हता? मलाही माहीत नाही. मोठ्या वहीत तो मी फार सुंदर लिहिलाय, प्रकाश वगैरे. बुवांनी प्रकाश सांगितला नव्हता, मी घातला.

आज सकाळी बुवा उठले, टोपी घातली आणि ह्यांना म्हणाले, "चल, गुनाजीकडं. तू बोल, मी ऐकतो." दोघे चालत आगरात गेले. ज्या वाटेवर जाऊ नका म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, तिच्यावरून.

सीताबाईंकडे गेले. काय बोलावं कळेना म्हणून विचारलं, वरातीतला बैल सापडला होता का? त्या म्हणाल्या, "मला काय म्हायत बाय. मी पदराखाली. मला वाटायचं गाडी थांबलीय म्हंजे आपलं घर आलं." आणि हसल्या, आणि मग हसता हसता त्यांना धरून बसवावं लागलं.

२६ एप्रिल, अष्टमी

आज खांड बुजली.

गुणाजीने तीस माणसं आणली, बायका धरून. सकाळची भरती लंगडी येऊन गेली, बांधाच्या कमरेलाही लागली नाही. मग आम्ही थांबलो. गुणाजी खांडीच्या तोंडाशी, हे काठी घेऊन त्याच्याशेजारी. पाणी संथ झालं तसं गुणाजीने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी काठी पाहिली आणि म्हणाले, "आता."

त्याआधी एक अडचण झाली होती. आगरातल्या माणसांना खाडीला कोंबडा द्यायचा होता. आमच्याकडे ते चालत नाही. शेवटी नारळावर भागलं. गुणाजीने पाण्याला हात जोडून नारळ सोडला, बुवा तेवढा वेळ डोंगराकडे बघत होते.

दोन्ही टोकांवरून एकदम काम. बायजा आणि मी एकाच रांगेत, तिने दिलेलं ढेकूळ मी पुढे देत होते. ती म्हणाली, "रागावलीवतीस ना गो माझ्यावर?" मी म्हटलं, "व्हय." "का?" मी सांगितलं, ताडी, काठी, सगळं. ती इतकी हसली की तिच्या हातातलं ढेकूळ पडलं आणि गुणाजीने आम्हा दोघींना शिवी हासडली.

संध्याकाळची भरती आली, टेकली, आणि गेली. हे बांधाच्या आतल्या पायथ्याशी कान लावून पडले होते. पाणी उतरल्यावर उठले. अंगावर चिखल सोडून काही दिसत नव्हतं.

गुणाजी म्हणतो, पुढच्या पौर्णिमेला सात दिवस आहेत, रोज माती चढवा, म्हणजे उधाणाचं पाणी काही करणार नाही. माती चढवू.

२९ एप्रिल, एकादशी

हे लिहिताना हात दुखतोय, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी माती चढवून झाल्यावर वाचनाला बसलो. हौसाचं गाठोडं सुटलंय, तीही होती. गुणाजी आणि बायजा पहिल्यांदाच आले. मी अष्टमीचं पान काढलं, तर बुवा म्हणाले, "ते मागनं. पाडव्याचं पान काढ."

वाचलं. पौर्णिमेचा मुहूर्त ठरला. सर्वांनी होकार दिला. कोणाची हरकत नव्हती.

"ठरला म्हंजे? कोनी ठरवला? माझं नाव घाल. वोहोटीला चिखल उघडा बघून मी भुललो, असं लिव."

मी म्हटलं, "बुवा, तुमच्या नावाला..."

"माझ्या नावाचं काय लोनचं घालायचंय? पुंडलिकाचं काय लिवलंयस?"

ईश्वरेच्छेने, मी वाचलं.

"देवाला मधी घालू नको. त्यानं नाय तिथी काढली, मी काढली." मग आवाज खाली आला. "पोरी, बांध हाय तो. पन्नास सालांनी फुटंल. तवा आपुन कोन नसू. नातवंडं ही वही उघडतील नि बघतील, आपल्या म्हाताऱ्यांनी कवा बुजवलीवती. पुनव चांगली असं वाचलं तर पुंडलिकासारखी जातील, आनि ती तुझ्यामाझ्या हातनं जातील."

मी लिहिलं. महिपतीबुवांनी ओहोटीचा कोरडा चिखल पाहून पौर्णिमेचा मुहूर्त काढला, ती चूक होती. खांड अष्टमीला बुजवावी. पुंडलिककाका त्या चुकीने गेले. वाचून दाखवलं. सीताबाईंनी मान हलवली.

बुवा म्हणाले, "झालं. आता अष्टमी वाच."

पण झालं नव्हतं. शेवटची ओळ तशीच होती. कोणाची हरकत नव्हती. हे सगळ्यांच्या मागे, कुडाला टेकून, काठी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी काही म्हटलं नसतं, कधीच. बुवांना वाचता येत नाही, कुणालाच येत नाही, ती ओळ मी पन्नास वर्षं तशीच ठेवू शकले असते.

मी ती खोडली आणि खाली लिहिलं. मग उभी राहिले आणि वाचलं:

"पाडव्याच्या दिवशी रघू धर्मा हे पौर्णिमा नको असे सांगायला उठले होते. त्यांना भरती-ओहोटीचे ज्ञान होते. लिहिणारीने, म्हणजे त्यांची बायको सगुणा हिने, आपली लाज जाईल म्हणून त्यांना खाली बसवले."

नाव तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मी वहीकडे बघत नव्हते. हौसा माझ्या समोर होती. तिने तोंडावर पदर घेतला, पण हसण्यासाठी नाही.  मग सीताबाई म्हणाल्या, "बस गो आता. उभी ऱ्हाऊन पाय दुखतील तुजे." मी बसले आणि रडले, सगळ्यांदेखत.

बुवांनी वही उचलून माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "अष्टमी वाच."

दुपारी घरी आलो. ह्यांनी काठी कुडात खोचली, पाणी प्यायले, आणि बाहेर जाता जाता दारात थांबले. "माझी हकीकत ऱ्हायलीय," म्हणाले.

मी मोठी वही उघडली. कोरं पान काढून वर नाव लिहिलं, अक्षर बरं आलं. "सांगा."

"कुठनं सांगू?"

"काठीपासून."

ते उंबऱ्यावर बसले. पहिल्या दिवशी पाणी कुठवर आलं, दुसऱ्या दिवशी किती वेळाने आलं, गुणाजी काय म्हणाला, तिवराच्या कोणत्या फांदीवर बगळे बसले की पाणी फिरलं असं समजावं, सगळं. मध्ये दोनदा मी म्हटलं, अहो हळू, माझा हात पुरत नाही. त्यांनी ऐकलं नाही, बोलत राहिले.